विमान आणायचं म्हणतोय : तीन दिवस नाशिक-ओझर

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर वाढदिवस, लग्नपत्रिका आणि कुणीतरी गेल्याच्या बातम्या. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला हवाई दलाचं मिग-२१ हे लढाऊ विमान निवृत्त झालं, सगळ्यांनी त्या शेवटच्या उड्डाणाचे व्हिडिओ टाकले, आणि तिसऱ्या दिवशी एका रिटायर्ड फौजी विद्यार्थ्याने लिहिलं, ‘आपल्या शाळेच्या दारात एक मिग पाहिजे.’ खाली दोनशे चौदा अंगठे.

शाळा सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे घरटी नाही तरी दोन घरांमागे एक फौजी आहेच, त्यामुळे असल्या कल्पनेला कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं काम शेवटी मुख्याध्यापकांवर येतं आणि आमच्या सरांना ते जमत नाही. त्यांनी चौकशी केली. विमान खासगी माणसाला अंगणात ठेवायला मिळत नाही, हवाई दलाकडे संस्थेने अर्ज करायचा. मिळालं तर फक्त मांडून ठेवायला. वाहतूक, क्रेन, चौथरा सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात. एवढं कळल्यावर सर म्हणाले, ‘आणू हो. पण आणल्यावर करायचं काय, हे कोणाला तरी विचारून यायला हवं.’

तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं निघालो. सर, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले नाना आणि मी. मी विज्ञान शिकवते, विमानात विज्ञान असतं, म्हणून मी. नानांची गाडी होती, म्हणून नाना.

पहिला दिवस, शुक्रवार

पहाटे साडेचारला निघालो. पुण्यात घोरपडीला दक्षिण कमांडचं युद्धस्मारक आहे, तिथे मिग-२३ बीएन ठेवलंय. कारगिलच्या लढाईत वापरलेल्या जातीचं. ते बघायचंच असं सरांनी ठरवलं होतं. ते बघितल्यावर पहिला धक्का बसला तो आकाराचा. व्हिडिओत विमान तळहातावर मावतं; समोर उभं राहिलं की आपण त्याच्या पोटाखाली. सरांनी वहीत नोंद केली, ‘ध्वजस्तंभ हलवावा लागेल.’ नाना फौजेतले असले तरी पायदळातले. त्यांचं मत एका वाक्यात : ‘आमच्या डोक्यावरनं जायचं ते हेच व्हय. खालून लई बारीक दिसायचं.’

पुढचा रस्ता सगळ्यांना माहीत असलेला. चाकणला अडकलो, आळेफाट्याला चहा, संगमनेरला जेवण. नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची पाटी दिसली तेव्हा मी आशेने पाहिलं, पण नानांनी गिअर बदलला. (शाळेची सहल नेत असाल तर खोडद आणि नाशिक एकत्र करा. मी पुढच्या वर्षी करणार आहे, नानांशिवाय.)

सिन्नर सोडलं आणि काच खाली करता येईना इतकी थंडी. नाशिकमध्ये सिंहस्थाच्या तयारीची कामं चाललीयेत, त्यामुळे निम्मे रस्ते उकरलेले आणि मोबाइलचा नकाशा वेगळंच काही सांगणारा. आपल्याला सांगून ठेवते : शहरात शिरताना नकाशावर विसंबू नका, रिक्षावाल्याला विचारा. आणि डिसेंबर-जानेवारीत येणार असाल तर स्वेटरवर भागत नाही, कानटोपी हवी. निफाडचा पारा पेपरात वाचून आपण हसतो. रात्री नऊला लॉजच्या गच्चीवर हसू येत नव्हतं.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी मिसळ. नाशिकला येऊन मिसळीवर लिहिलं नाही तर लोक विचारतील, म्हणून इतकंच : काळ्या मसाल्याची, सोबत भाजलेला पापड आणि दही, आणि चुलीच्या धुराचा किंचित वास. आमच्या सातारी-कोल्हापुरी जिभेला झणका कमी वाटला, चव जास्त. नानांनी पाव तीनदा मागवले. साडेआठच्या आत पोचा. नंतर रांग नसते, गर्दी असते.

मग मुंबई-आग्रा रस्त्याने ओझर, शहरापासून वीसेक किलोमीटर. आडगाव मागे पडलं की दोन्हीकडे द्राक्षबागा. मणी धरलेले, काही बागांवर प्लास्टिकचं आच्छादन. दहाव्या मैलाला विमानतळाकडे फाटा जातो. त्याच्या पुढे एका एसटीच्या कपाळावर पाटी वाचली आणि मी नानांना गाडी हळू करायला लावली. ‘ओझर मिग.’

आमच्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या गावची सेहेचाळीस माणसं गेली, तेव्हापासून मिलिटरी हे गावाचं आडनाव. आणि इथे एका गावाला विमानाचं आडनाव लागलंय. पोस्टात, एसटीत, लग्नपत्रिकेत. विमान निवृत्त झालं तरी आडनाव तसंच राहणार, सासरचं राहतं तसं.

हे आडनाव लागलं १९६४नंतर. मिग-२१ रशियाकडून विकत घ्यायचं आणि इथे बांधायचंही ठरलं होतं; ते काम हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या तीन ठिकाणच्या कारखान्यांत वाटलं गेलं : इंजीन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जोडणी ओझरला. कारखाना आला त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि १९६३च्या पोटनिवडणुकीत नाशिकनेच त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं होतं. ओझरमध्ये चहाच्या टपरीवरसुद्धा या दोन गोष्टी एकाच दमात सांगतात. नाना एकदम खूश. यशवंतराव आमच्या कऱ्हाडचे. ‘म्हंजे इमान आमचंच की!’

ज्यांना भेटायला गेलो ते काका कारखान्यात अडतीस वर्षं होते. १९७९ला आयटीआय करून लागले, पत्रेकामात. एका माजी विद्यार्थ्याच्या साडूचे शेजारी, एवढीच ओळख. पण त्यांनी आदल्या रात्री फोन करून ‘जेवायला इथेच’ असं बजावलं होतं. घरात शिरलो तर भिंतीवर विमानाचा एकही फोटो नाही. खंडेरायाचा आहे, नातवाचा आहे. कोपऱ्यात तांब्याचा हंडा, इतका लखलखीत की मी त्यात केस नीट केले.

सरांनी वही उघडली आणि शाळेच्या तपासणीला आल्यासारखा पहिला प्रश्न विचारला, ‘विमान किती टिकतं?’

काका म्हणाले, ‘उडत असलं तर खूप. उभं असलं तर सांगता येत नाही.’

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला वर्गात बसल्यासारखं झालं, फक्त बाकाच्या या बाजूला. उडणाऱ्या विमानाभोवती माणसं असतात. रोज कोणीतरी झाकणं उघडतं, पुसतं, तेल देतं, ठरावीक तासांनी सगळं सुटं करून बघतं. निवृत्त झालं की त्यातून इंजीन, तोफ, स्फोटकं निघतात आणि त्याबरोबर माणसंही निघून जातात. विमानाची कातडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, तिला धरून ठेवणारे बोल्ट बऱ्याच ठिकाणी पोलादाचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मध्ये पाणी. ‘तुमच्या विज्ञानात काय म्हणतात त्याला, मॅडम?’ मी म्हटलं, विद्युत घट. ‘तेच. पहिल्या पावसाला विमानाचा घट होतो. चार-पाच वर्षांनी बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते. ती दिसली की समजा आतून सुरुवात होऊन बराच काळ झालाय.’

नानांनी विचारलं, उघड्यावर ठेवायचंच कशाला मग? शेड मारू. काका पहिल्यांदाच हसले. ‘तेच विचारायला कोणी येत नाही. सगळ्यांना ते हवेत तिरकं उभं पाहिजे असतं. खांबावर. लांबून दिसलं पाहिजे ना.’

खांबावर विमान चढवलं की ते लांबून दिसतं आणि जवळून कोणालाच दिसत नाही. धुवायचं तर क्रेन. क्रेन बोलवायची तर ठराव. ठराव करायचा तर पुढचा वर्धापनदिन. त्यापेक्षा जमिनीवर, तीन पायांवर, पण भार चाकांवर नको. टायर उन्हाने तडकतात; खाली लोखंडी घोड्या लावून चाकं जमिनीपासून बोटभर वर ठेवायची. डोक्यावर साधं पत्र्याचं छप्पर. ‘छप्पर दिसायला वाईट दिसतं म्हणून कोणी करत नाही. आणि मग विमान वाईट दिसायला लागतं.’ हे वाक्य सरांनी वहीत दोनदा लिहिलेलं मी पाहिलं.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि शेवटी काकूंनी आणलेला गूळ-तूप. काकू जेमतेम बोलल्या, पण बोलल्या तेव्हा मुद्द्याचं. ‘हे रिटायर झाले तेव्हा कारखान्यातून घड्याळ मिळालं. ते चालू ठेवायला मला दर वर्षी सेल आणावा लागतो.’

जेवताना गप्पा महायुद्धाच्या विमानांवर गेल्या. कारण सरांनी कुठेतरी वाचलं होतं की इंग्लंडात, अमेरिकेत श्रीमंत माणसं लढाऊ विमानं स्वतःच्या मालकीची ठेवतात आणि रविवारी उडवतात. खरं आहे ते. महायुद्धातली इंग्रजांची स्पिटफायर लढाऊ विमानं वीस हजारांवर बांधली गेली, त्यातली काही डझन आजही उडतात, बरीचशी खासगी मालकीची. अमेरिकेत तर खासगी माणसांनी मिग-२१सुद्धा घेतलीयेत. काकांनी त्यावर जी गोष्ट सांगितली ती कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी त्यांची लिबरेटर बॉम्बफेकी विमानं कानपूरला आणून मुद्दाम मोडून ठेवली, कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या (हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या आधीची कंपनी) माणसांनी त्या भंगारातून तुकडे जुळवले, कानपूरहून बंगळूरला ती उडवत नेली आणि चाळीसेक विमानं पुन्हा उभी केली. आपल्या हवाई दलाने ती १९६८पर्यंत वापरली. ज्या अमेरिकेने ती अठरा हजारांच्या वर बांधली तिने आपली वितळवून टाकली. मग परदेशातल्या संग्रहालयांना एक तरी पाहिजे असं वाटायला लागलं, तेव्हा ती आपल्याकडे शिल्लक होती. आज जगात जी मूठभर लिबरेटर उरलीत त्यातली बरीच इथून गेलेली. सत्तरच्या दशकात इंग्रज हौशी संग्राहकांनी आपल्याकडची स्पिटफायरही नेली. लंडनच्या हवाई दल संग्रहालयातलं टेंपेस्ट लढाऊ विमानही मूळचं भारतीय हवाई दलाचं.

‘आन् आपल्याकडं काय ऱ्हायलं?’ नाना.

अगदीच काही नाही असं नाही. दिल्लीत पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात स्पिटफायर आहे, हरिकेन आहे. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आपलं स्वतःचं लढाऊ विमान एचएफ-२४ मरुत उभं आहे, मुलांना जरूर दाखवा. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि एक डाकोटा आहे. ते डाकोटा एका माजी वैमानिकाच्या मुलाने, राजीव चंद्रशेखर यांनी, इंग्लंडात दुरुस्त करून घेऊन भेट दिलं, २०१८ला ते उडत भारतात आलं. नाव परशुराम. पण उडणारं स्पिटफायर आपल्याकडे नाही, आणि ज्यांनी आपलं नेलं ते उडवतात. सरांना हे फार लागलं. मला तितकं नाही. उडवायला तेल लागतं, सुटे भाग लागतात आणि मरायचीही तयारी लागते. मे २०२४मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्याच स्मरण-ताफ्यातलं एक स्पिटफायर पडलं, वैमानिक गेला.

नानांना वेगळीच शंका. ते उडणारं स्पिटफायर खरंच जुनं का? मी सांगितलं, कधी कधी मूळची फक्त नावाची पट्टी आणि थोडे तुकडे असतात, बाकी सगळं नवं बांधलेलं. ‘मंग जुनं कसलं?’

काका म्हणाले, ‘चंपाषष्ठीला आमच्याकडे खंडेरावाची यात्रा असते. बारा गाडे ओढतात. चाकं बदललीत, आख बदललेत, साट्या तर किती वेळा. गाडे नवे आहेत असं गावात म्हणून बघा.’

दुपारी उन्हात अंगणात बसलो तेव्हा मी नको तो विषय काढला. माझं काम आहे ते. मुलं विचारणार, याला ‘उडती शवपेटी’ का म्हणायचे? २०१२मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले होते : सगळ्या जातींची मिळून ८७२ मिग घेतली, त्यातली ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले, आणि जमिनीवरचे ३९ साधे नागरिक. काका बराच वेळ अंगणातल्या कढीपत्त्याकडे बघत राहिले. कारखान्यातला माणूस चिडेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, ‘दर वेळी बातमी आली की शॉपमध्ये कोणी बोलायचं नाही. नंबर काय होता, एवढंच एकमेकांना विचारायचो. आपल्या हातचं होतं का.’ मग जरा थांबून, ‘सगळं कारखान्याचंच नसतं. साठच्या दशकात घेतलेल्या जातीचं विमान तुम्ही साठ वर्षं उडवता, शिकाऊ पोरांना थेट त्यात बसवता. पण फलकावर हे कोण लिहिणार?’

‘लिवायचं,’ नाना म्हणाले. ‘एकाहत्तरला चौदा डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिगनीच रॉकेटं टाकली, गव्हर्नरनं राजीनामा दिला, त्ये बी लिवायचं. आन् एकशेएकाहत्तर बी लिवायचं. आमच्या पलटणीच्या भिंतीवर सगळी नावं हायेत. जिंकल्याली लढाई आन् गेल्याली माणसं येकाच भिंतीवर.’

सरांनी हे लिहून घेतलं नाही. मी घेतलं.

ओझरला जाणाऱ्यांसाठी एक सांगते. कारखाना, धावपट्टी, हवाई दलाचा तळ, काहीच आत जाऊन बघता येत नाही, आणि कुंपणाजवळ मोबाइल वर करून फोटो काढू नका. आकाशाकडे बघायला मात्र कोणी अडवत नाही. आम्ही परत निघताना डोक्यावरून एक सुखोई गेलं. आधी दिसलं, आवाज मागून आला. काका वर न बघता म्हणाले, ‘चाचणीचं आहे.’ ऑक्टोबरात इथल्याच जोडणीतून पहिलं तेजस मार्क-१ए उडालं, त्याचं काकांना कौतुक आहे, पण ‘ते आता कॉम्पोझिटचं. रिव्हेट मारायला फार काही ठेवलंच नाही,’ अशा सुरात. (कॉम्पोझिट म्हणजे धातूऐवजी वापरतात तो कार्बनतंतूंचा पदार्थ, रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारा खिळा.)

तिसरा दिवस, रविवार

काकांनीच सुचवलं होतं : माझं ऐकू नका, एक बघून घ्या. शहराजवळ एका संस्थेच्या आवारात मिग-२१ आहे. नाव लिहीत नाही. त्यांनी आम्हाला आपुलकीने आत घेतलं, चहा दिला, आणि मी जे लिहिणार आहे ते वाचून त्यांना वाईट वाटेल.

काका कापडी पिशवी घेऊन आले. आत टॉर्च, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा आरसा, फडकं आणि सायकलच्या स्पोकसारखी एक तार.

लांबून विमान झकास होतं. चंदेरी, ताजा रंग, पंखांवर तिरंगी वर्तुळं, खाली गुलाबाची कुंपणं. नाना फोटो काढायला लागले. सर म्हणाले, ‘अगदी असंच.’ मीसुद्धा मनात शाळेच्या दारात ते उभं करून पाहिलं, खोटं कशाला बोलू. नाकातला तो सुळका, मागे ओढलेले आखूड पंख. मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत सातच मीटर, लांबी त्याच्या दुपटीहून जास्त. भाल्याला पिसं लावावीत तसं.

काका पुढून न बघता सरळ पोटाखाली गेले. आडवे झाले. इस्त्रीच्या शर्टावर. मग बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत नाकाकडून शेपटीकडे सरकू लागले, कलिंगडवाला करतो तसं. टक, टक, टक, आणि एका जागी आवाज बदलला. भरलेल्या घागरीसारखा.

‘मॅडम, इकडे या. बोट ठेवा.’

बोटाखाली मसुराएवढा खळगा लागला. रंगाखाली. विमानाच्या पोटाला अशी बारीक भोकं ठेवलेली असतात, आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून. रंगाऱ्याने गुळगुळीत काम केलं होतं. भोकं बुजवून. काकांनी तार लावली, मनगट वळवलं आणि बाजूला सरकले. पण पुरेसे नाही. तपकिरी पाणी धारेने आलं आणि त्यांच्या चपलेवर पडलं. मला वाटलं पाच-दहा सेकंद. नानांनी घड्याळ लावलं. चार मिनिटं. पाऊस जाऊन दोन महिने होऊन गेलेले.

वॉचमन धावत आला. त्याला वाटलं आम्ही काही फोडलं. मग ओशाळून म्हणाला, ‘पाहुणे यायचे होते ना, म्हणून रंग दिला.’

पुढचा तासभर काकांनी आम्हाला विमान दाखवलं, म्हणजे खरं दाखवलं. पंखाच्या मुळाशी बोल्टांभोवती ती पांढरी भुकटी. मी बोटावर घेतली, मिठासारखी. टायर तडकून मडक्याच्या खापरीसारखे, कडा बाहेर आलेल्या. कॉकपिटची काच पिवळी आणि आतून जाळीदार. आरसा शेपटीच्या नळकांड्यात घातला तर आत साळुंकीचं काडीकचऱ्याचं घरटं, आणि त्यात कोणाच्या तरी राखीचा सोनेरी धागा. शेपटीच्या डाव्या बाजूला खिळ्याने कोरलेलं एक बदामचिन्ह. नानांनी ते फडक्याने पुसून बघितलं. निघालं नाही.

‘आतली सीट?’ मी विचारलं. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटखाली स्फोटक असतं, ते काढल्याचा कागद घेतल्याशिवाय विमान ताब्यात घेऊ नका, असं काका आदल्या दिवशीच म्हणाले होते. आणखी एक : जुन्या विमानांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असायचा. आपल्या विमानात तो आहे का हे विचारायचं, असला तर मुलांना आत बसवायचं नाही. शाळा असाल तर हे दोन मुद्दे पहिल्या पानावर लिहा.

शेवटी काका एका पट्टीपाशी थांबले. खरवडून आकडे वाचले. मला वाटलं, आता त्यांच्या हातचं निघणार. ‘नाही. हे एफएल, मिग-२१चं जुनं मॉडेल. माझ्या आधीचं. आमच्या वस्तादांच्या वेळचं.’ मग पोटावरची रिव्हेटची एक ओळ त्यांनी बोट न उचलता शेवटपर्यंत चाचपली. रिव्हेट मारायला दोघं लागतात, बाहेर हातोडी चालवणारा आणि आत डॉली, म्हणजे टेकूचा लोखंडी ठोकळा, धरून बसणारा. आतला बारीक अंगाचा पाहिजे, म्हणून नवीन पोरांना आत घालायचे. ‘आतल्याला बाहेरचा दिसत नाही. आवाजावरून समजायचं. आता बघा, इतक्या वर्षांत एका रिव्हेटचं डोकं वर आलेलं नाही.’ खरंच नव्हतं. रंग, काच, टायर, सगळं गेलं होतं आणि ती ओळ दोरी धरल्यासारखी सरळ होती.

संस्थेच्या व्यवस्थापकांना काकांनी फार नरम शब्दांत सांगितलं की महिन्यातून एकदा भोकं मोकळी करा आणि मागे जाळी बसवा. त्यांनी हो म्हटलं. त्यांच्याकडे ते काम कोणाचं, बागेच्या माळ्याचं की इलेक्ट्रिशियनचं, यावर मात्र आमच्यासमोरच चर्चा सुरू झाली आणि आम्ही निघेपर्यंत संपली नव्हती.

दुपारी काका आम्हाला जुन्या नाशकात भांडी बाजारात घेऊन गेले. ते मूळचे तांबट; थोरले भाऊ अजून दुकानात बसतात. गोदावरीकडे उतरणाऱ्या त्या गल्ल्यांत गाडी नेऊ नका, लांब लावून चालत जा. दुकानात एक म्हातारी पातेलं घेऊन आली होती, कल्हईला. थोरल्यांनी ते हातात फिरवून विचारलं, ‘गेल्या दिवाळीत नाही आणलं?’ ती म्हणाली, मुलाकडे होते पुण्याला. ‘बघा, एक वर्ष चुकलं तर तांबं दिसायला लागलं.’ काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी पातेल्याकडे बघत होते.

मी तिथून एक तांब्या घेतला. मग कोंडाजीचा चिवडा (घरी, शेजारी, स्टाफरूम, असा हिशेब करून दुप्पट घ्या, तरी कमी पडतो) आणि सरांसाठी पेरू. निरोप देताना काकांनी ती तार माझ्या हातात ठेवली. म्हणाले, विमान येवो न येवो, शाळेच्या पन्हाळीला उपयोगी पडेल.

परतीच्या प्रवासात गाडीत शांतता; सिन्नर, संगमनेर, आळेफाटा. नारायणगावला जेवायला थांबलो तेव्हा सरांनी वही पुढे केली. चौथरा, छप्पर, घोड्या, जाळी, तार. खाली एक ओळ : ‘दर शनिवारी धुणे – कोण?’

घरी आल्यावर त्यांनी तोच प्रश्न ग्रुपवर टाकला. ज्यांना शनिवारी सकाळी दोन तास शाळेत येऊन विमान धुणं, भोकं साफ करणं जमेल त्यांनी नाव लिहावं, पुढच्या पाच वर्षांसाठी. दोनशे चौदा अंगठ्यांच्या जागी आठवड्यात चार नावं आली. त्यातली दोन नानांचीच होती, एक त्यांच्या नंबरवरून आणि एक त्यांच्या बायकोच्या.

अर्ज सरांच्या कपाटात आहे, भरलेला, सही राहिलीये. तार माझ्या पर्समध्ये आहे. काल शाळेच्या पन्हाळीत घातली तर आतून सातवीतल्या कोणाची तरी रबरी टाच निघाली.